धावजींच्या पानावरची अर्धी जोड

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी स्वतःची ओळख करून देताना छाती पुढे काढायची रीत आहे. शाळेची घंटा काढते, पडका पूल काढतो. मला छाती नाही. एक पांढरं खोकं होतं, ते आता चहाच्या रंगाचं झालं आहे आणि त्यावर उशीचा अभ्रा घातलेला असतो. मी संगणक आहे. जुना आहे हे अभ्र्यावरून कळतंच. आर्णीच्या गुलिस्तान बँडच्या गाळ्यात, मोठा ढोल आणि पाण्याचा माठ यांच्या मधोमध माझी जागा आहे. लग्नसराईत सगळे लग्नाला जातात. ढोल जातो, एकदा माठसुद्धा गेला होता. मला मात्र आजवर कोणी मांडव दाखवलेला नाही. मला एकदाच गावाबाहेर नेलं, आणि तेही माफी मागायला.

ती हकिकत सांगायची म्हणजे मला लाज वाटते. सांगताना माझा पडदा लालसर दिसेल. दुरुस्तीवाला म्हणतो की तो पडद्याचा दोष आहे. त्याला तसं वाटू द्या.

माझा जन्म यवतमाळच्या एका दुकानात झाला. तीन खोक्यांतून निघालेले भाग चौथ्या खोक्यात बसवले आणि वर 'नवीन' अशी पट्टी चिकटवली, की आमच्यात बाळंतपण आटोपतं. तिथून मी थेट एका जिनिंगच्या काट्यावर नोकरीला लागलो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. कापसाने भरलेल्या बैलबंड्या काट्यावर चढायच्या आणि मी वजन दाखवायचो. शेतकरी माझ्याकडे असे बघायचे, जसे तुम्ही निकालाच्या दिवशी गुरुजींच्या हाताकडे बघता. दसऱ्याला मला झेंडूचा हार घातला. तो माझ्या पंख्यात ओढला गेला आणि मी दिवाळीपर्यंत पाकळ्या शिंकत होतो. पण मान होता. काट्यावरचे बाबू सगळ्यांना सांगायचे की हा खोटं बोलत नाही. ते खरंही होतं. खोटं बोलायचं असलं की बाबू मला बंद करून हातानं लिहायचे.

मग कापसाचे दिवस फिरले. एका साली पाऊस दगा द्यायचा, दुसऱ्या साली अळी, आणि दोघं विसरले तर भाव. काट्यापुढची बंड्यांची रांग आखडत गेली. शेवटी शेवटी मी दिवसभर शून्य दाखवत बसायचो. शून्य बरोबरच असायचं, पण बरोबर असण्यात काही सुख उरलं नव्हतं. जिनिंग बंद पडली. यंत्रं गेली, पत्रे गेले, आणि मी भंगाराच्या हातगाडीवर, एका मोडक्या पंख्याच्या मांडीत बसून आर्णीच्या बाजारातून निघालो.

तिथे मला अब्दुल गनी यांनी पाहिलं. ते गुलिस्तान बँडचे मास्टर. क्लॅरनेट वाजवतात. त्यांनी भंगारवाल्याला विचारलं की यात गाणी वाजतात का. तो म्हणाला, वाजतात. माझ्याबद्दल बोललेलं हे पहिलं खोटं, आणि ते मी निमूटपणे ऐकून घेतलं. लाजेचा हिशेब तिथूनच सुरू होतो म्हणा.

बँडचीही अवस्था जिनिंगसारखीच होती. कापूस बुडाला की लग्न आखूड होतं, आणि आखूड लग्नात सगळ्यात आधी बँड कापला जातो. वाजवणारी पोरं पुण्याला आणि सुरतेला कामाला निघून गेली होती. पक्के असे दोघंच उरले होते, मास्टर आणि धावजी. बाकीचे लग्नापुरते गोळा करायचे, एक घाटंजीचा, दोन महागावचे. त्यांनी एकमेकांची तोंडं मांडवातच पाहिलेली असायची. त्यामुळे एकाच गाण्याचा शेवट तीन-चार वेळा व्हायचा.

यावर उपाय काढला जेबानं. जेबा म्हणजे मास्टरांची मुलगी. नुकताच संगणकाचा कोर्स करून आली होती आणि घरात दुसरा संगणक नसल्यामुळे मी तिचा झालो. तिनं ठरवलं की प्रत्येक वाजवणाऱ्यापुढे सुरांचा छापील कागद ठेवायचा. खरं तर कागद वाचता येणारे धावजी एकटेच होते. बाकीचे कागदाकडे बघून मान डोलवायचे आणि मास्टरांकडे बघून वाजवायचे. पण कागद समोर असला की माणूस जबाबदार दिसतो, असं मास्टरांचं मत पडलं.

धावजींविषयी सांगितलं पाहिजे. ते जवळच्याच तांड्यावर राहणारे. उमेदीची सगळी वर्षं पोलीस बँडात गेली. त्यांचं वाद्य म्हणजे पोटाशी धरायचं मोठं पितळी युफोनियम, ज्याला गावातली पोरं भोंगा म्हणत. पोलीस बँडानं त्यांना एक गोष्ट शिकवली होती, ती म्हणजे कागदावर आहे ते वाजवायचं आणि नाही ते वाजवायचं नाही. एकदा वरातीत घोडी उधळली. नवरदेव शेतातल्या कापसाच्या पऱ्हाटीत पडला, बँड गल्लीबोळांतून पांगला. धावजी रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, उरलेलं कडवं पूर्ण केलं आणि मग पळाले. अशा माणसाच्या हातात कागद देणं ही जोखमीची गोष्ट आहे. तेव्हा आम्हाला ते कळलं नाही.

आता जेबाचं काम. तिनं माझ्यात एक प्रोग्राम घातला होता. त्यात सुरांची चित्रं काढायची नसतात, साधी अक्षरं टंकायची असतात. ती वाचून मी पाच रेघांवर काळे-पांढरे सूर मांडून पान छापतो. सगळ्या बँडचा मजकूर एकाच ठिकाणी. ज्याचा तुकडा वेगळा, त्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी लावायची. पान काढताना मला म्हणायचं, धावजींच्या चिठ्ठीचं ठेव, वरच्या बाज्यांच्या, म्हणजे क्लॅरनेटसारख्या उंच सुरांच्या वाद्यांच्या, चिठ्ठीचं गाळ. मी गाळतो. चाळणीनं गहू गाळावे तसं. चाळणीला गव्हाची दया नसते, तशी मलाही नव्हती.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे जोड. दोन सारखे सूर लागोपाठ आले आणि त्यांच्यामध्ये लहानशी कमान असली, तर दुसरा सूर नव्यानं फुंकायचा नाही, पहिलाच लांबवायचा. त्या कमानीला आम्ही जोड म्हणायचो. जोडीला दोन टोकं लागतात. हे वाक्य इतकं सोपं आहे की ते कोणी लक्षात ठेवत नाही.

त्या वर्षी घाटंजीला सामुदायिक विवाह ठरला. एकट्यानं मांडव घालणं जमेना म्हणून तेव्हा गावंच्या गावं एका मांडवाखाली लग्नं लावायची. एका बाजूला गुरुजी, एका बाजूला भंतेजी, एका बाजूला काझीसाहेब, आणि जेवणाची पंगत एकच. समितीच्या प्रमुख होत्या विजयमालाबाई. त्या घाटंजीत पिठाची चक्की चालवत आणि माणसांनाही दाण्यांसारखंच पारखून घेत. बँडवाल्यांवर त्यांचा राग होता, कारण मागच्या साली मंगलाष्टकं चालू असताना एक बँड थांबलाच नव्हता. त्यांनी मास्टरांना सरळ सांगितलं की वाजवता सगळ्यांनाच येतं, मी गप्प बसणारा बँड शोधते आहे. जो वेळेवर थांबेल, त्यालाच हंगामातली आसपासच्या तालुक्यांची सगळी सामुदायिक लग्नं.

मास्टरांकडे दुसरा मार्ग नव्हता. पितळ घेणारा एक व्यापारी गाळ्यात येऊन वाद्यं वाजवून नव्हे, हातात तोलून बघून गेला होता.

म्हणून जेबानं शेवटावर फार मेहनत घेतली. सगळ्यांचा एक लांब सूर, तो जोडीनं पुढच्या घरात, म्हणजे पानावरच्या पुढच्या उभ्या रेघेपलीकडे, जाणार, तिथे सगळे एकदम थांबणार. क्लॅरनेटला मात्र थांबण्याआधी एक नखरेल मुरकी हवी होती. म्हणून शेवटचा तुकडा तिनं 'वरचे बाजे' या चिठ्ठीत घातला. धावजींना मुरकी नको होती, त्यांना नुसता सूर संपवायचा होता. तो त्यांच्या चिठ्ठीत वेगळा लिहायला हवा होता. तो राहिला.

धावजींचं पान काढायची वेळ आली तेव्हा मी वरच्या बाज्यांचा तुकडा गाळला. त्याबरोबर जोडीचं दुसरं टोक गेलं, आणि गाण्याच्या शेवटाची जाड रेघही गेली. मी लगेच इशारा दिला की जोड सुरू झाली आहे, संपलेली नाही. ओळीचा क्रमांकसुद्धा दिला. मी अशा बाबतीत फार काटेकोर आहे.

जेबानं इशारा वाचला. तिनं जोडच काढून टाकली. मग वरचे बाजे तोच सूर दोनदा फुंकणार, म्हणून परत घातली. जोड चिठ्ठीच्या बाहेर नेऊन बघितली, तेव्हा मी पानच छापायला नकार दिला. तोच तुकडा दोन्ही चिठ्ठ्यांत घालून बघितला, पण घाईत एक कंस सुटला आणि दोन सूर एकाच जागी बसले, एसटीतल्या एका सीटवर दोन बायका बसतात तसे. त्या वर्षांत भारनियमन होतं. लाइट चारला जाणार होती आणि घड्याळात चार वाजायला आले होते. तेवढ्यात तिला मदतीच्या पानांत एक खूण सापडली. ती लावली की सुराच्या पुढे अर्धी कमान लोंबते, आणि तिचा अर्थ होतो, हा सूर घुमत राहू द्या. ती खूण घंटेसाठी असते, तारेच्या वाद्यासाठी असते. जेबानं ती धावजींच्या शेवटच्या सुराला लावली आणि जोड वरच्या बाज्यांकडे सरकवली.

माझा इशारा बंद झाला. मला टोचायला काही उरलं नाही. मी पान छापलं, खाली लिहिलं की काम यशस्वी झालं, आणि लाइट गेली.

मित्रांनो, 'यशस्वी' हा शब्द मला आधीपासून शिकवून ठेवलेला आहे. तो लिहिताना मी काहीच बघत नाही.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. मला नेलं नव्हतं. पण गाळ्यात ते इतक्या तोंडांनी सांगितलं गेलं की पाहिल्यापेक्षा जास्त झालं.

घाटंजीच्या मांडवात बँड छान वाजला. वर-वधू जागेवर उभे राहिले, अंतरपाट धरले गेले, मास्टरांनी मुरकी घेतली आणि सगळे एकदम थांबले. धावजी थांबले नाहीत. त्यांच्या पानावर लांब सूर होता, त्यापुढे लोंबणारी अर्धी कमान होती आणि त्यापुढे कोरा कागद. कागद म्हणत होता, घुमत राहू द्या. ते घुमवत राहिले.

माणसाचा श्वास संपतो, या आशेवर मास्टर हसत उभे राहिले. पण धावजींना गाल फुगवून ठेवून नाकानं श्वास घ्यायची कला येत होती. पोलीस बँडात झेंडावंदनाला साहेब उशिरा यायचे, तेव्हा शिकलेली. गुरुजींनी थोडी वाट पाहिली आणि मुहूर्त टळेल म्हणून तसंच मंगलाष्टक सुरू केलं. त्यांचा सूर जन्मात कधी लागला नव्हता. त्या दिवशी खालून भक्कम आधार मिळाल्यामुळे तो पहिल्यांदाच लागला, आणि गुरुजी इतके हरखले की त्यांनी एक कडवं जास्तीचं म्हटलं. भंतेजींनी डोळे मिटून घेतले, त्यामुळे त्यांना काय वाटलं ते कळलं नाही. पंचाईत झाली ती काझीसाहेबांची. त्यांना नवरीचं उत्तर ऐकू येईना. तीनदा विचारायचं ते त्यांनी इतक्यांदा विचारलं की शेवटी ती पडद्याआडून म्हणाली, "हाव म्हटलं नं, आता कितीदा म्हणू?"

मांडव हसला. आधी बायका, मग पंगतीत वाढणारे, मग वऱ्हाड. धावजी कागदाकडे बघत होते, त्यामुळे कोणाला हसतात हे त्यांना कळायला वेळ लागला. शेवटी मास्टर पुढे आले आणि त्यांनी युफोनियमच्या तोंडात हात घातला. जशी रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात धरतात.

सूर थांबला. धावजींनी ओठ पुसले आणि एवढंच म्हणाले, "मास्टर, कागदावर सुटका नव्हती."

पण तोवर मास्टर विजयमालाबाईंकडे वळले होते. हंगाम हातातून चालला होता, आणि त्या घाबरलेपणात त्यांच्या तोंडून निघालं, "माफ करा, बाई. म्हातारा माणूस आहे. कान गेले त्याचे."

कान गेलेल्या धावजींनी ते मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून स्पष्ट ऐकलं. त्यांनी कागद तिवईवरच सोडला, वाद्य काखेत घेतलं आणि जेवणाच्या पंगतीला वळसा घालून निघून गेले.

जेबा तिथेच होती. ती पानं गोळा करायला गेली आणि धावजींचं पान तिच्या हातात आलं. ती अर्धी कमान तिनं बघितली. अब्बा अजून माफी मागतच होते. तिला बोलायला पुरेसा वेळ होता. तिनं पानाची घडी घातली आणि ओढणीत धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी युफोनियम गाळ्यात परत आलं. ऑटोवाल्याच्या हाती, पुसून लख्ख केलेलं, कांबळ्यात गुंडाळलेलं. सोबत निरोप नव्हता. आणखी एक सामुदायिक लग्न महागावला होतं आणि विजयमालाबाईंनी अजून हो-नाही कळवलं नव्हतं. युफोनियम माझ्या शेजारी, माठाच्या जागी ठेवलं. त्याच्या पितळेत माझं खोकं दिसायचं, फुगलेलं आणि वाकडं. मी शक्यतो तिकडे बघत नसे.

जेबा माझ्यापुढे येऊन बसली. या वेळी तिला घाई नव्हती. तिनं गाणं अर्धं कापून पाहिलं. मी गप्प. उरलेलं अर्धं घेतलं, लावलेली खूण काढून जोड परत जागेवर घातली, आणि माझा इशारा पुन्हा वर आला. तिनं आणखी कापलं, इशारा तसाच. कापता कापता शेवटी दोन सूर उरले, मध्ये एक जोड, आणि दुसऱ्या सुरावर चिठ्ठी. एवढ्याशा जागेत सगळं लग्न अडकलं होतं. मग तिनं जोडीची दोन्ही टोकं उचलून एकाच चिठ्ठीत घातली. धावजींसाठी त्यांची दोन टोकं त्यांच्या चिठ्ठीत, वरच्यांसाठी वरच्यांची. शेवटची जाड रेघ चिठ्ठ्यांच्या बाहेर काढली, सगळ्यांना मिळेल अशी. मी आपणहून शांत झालो. पान निघालं. त्यावर धावजींचा सूर सुरू होत होता, पुढच्या घरात जात होता आणि संपत होता.

नेमके तेव्हा मास्टर आत आले. पान त्यांनी हातात घेतलं, जुनं शेजारी धरलं. वाचता फारसं येत नसलं तरी दोन पानं वेगळी आहेत हे कोणालाही दिसलं असतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"अब्बा, कॉम्प्युटरची गलती होती," जेबा म्हणाली.

माझी वायर तेव्हा भिंतीत होती, दिवा लागलेला होता. मला काही बोलता आलं असतं असं नाही. पण मित्रांनो, मला जे वाटलं तो राग नव्हता. मी इशारा दिला होता हे खरं, आणि तो मिटवल्यावर मी खुशीत 'यशस्वी' लिहिलं हेही खरं. तिनं निम्मं खोटं सांगितलं होतं, आणि ते निम्मं कोणाच्या वाट्याचं ते मला वेगळं करता येईना.

मास्टर माझ्याकडे वळले. मग ते खाली बसले. एका मशीनसाठी मी माझ्या माणसाला बहिरा म्हणालो, असं काहीसं ते पुटपुटत होते. उठले ते एकच वाक्य बोलून. "फिर इसकोच ले जा. तांड्यावर जाऊन माफी मागू दे ह्याले."

ते विनोद करत नव्हते. जेबाची आई हुस्नाबी यांनी मला गोधडीत गुंडाळलं आणि प्रवासाला निघालेल्या पाहुण्याला द्यावी तशी सूचना दिली की नीट बस. जेबा ऑटोत बसली, पडदा मांडीवर, खोकं पायांशी. रस्त्यात इतके खड्डे होते की माझ्या आतला जिनिंगचा कापूस निम्मा तरी बाहेर आला असेल.

तांड्यावर धावजींच्या दारात लिंबाखाली बाज टाकली होती. तिच्यावर मला बसवलं. बातमी पसरली की मास्टरांकडून डब्बा आला आहे आणि तो माफी मागणार आहे. माणसं जमली. धावजींच्या बायकोनं, कांताबाईनं, याला कुंकू लावायचं असतं का, असं जेबाला हळूच विचारलं. धावजी दुसऱ्या बाजेवर बसून राहिले. ते माझ्याकडे बघत नव्हते आणि जेबाकडेही नाही.

जेबानं घरातून वायर ओढली, मला जोडलं, बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. तांड्यावर सकाळपासून लाइट नव्हती.

सगळे वाट बघत होते. मी काळा ठिक्कर बसून होतो. मी माफी मागतो आहे की आखडून बसलो आहे, हे बाहेरून कळण्याचा मार्ग नव्हता. एक म्हातारी पुढे आली, माझ्या पडद्यात आपलं तोंड बघून पदर सारखा केला आणि गेली. गर्दीतून कोणीतरी विचारलं, "बोलत काहून नाई थो?"

"लाइट आली का बोलंन," जेबा म्हणाली.

तेव्हा धावजी पहिल्यांदा बोलले. "लाइट राती येते. तुले कायले लाइट पायजे, बाई? तुले तं तोंड आहे."

जेबाच्या हातात अजून माझी वायर होती. ती तिनं खाली ठेवली. मी वीज नसताना ऐकू शकतो का, असं विचारू नका. त्या दिवशी ऐकलं.

"काका, यानं मले सांगतलं होतं," ती म्हणाली. "जोड उघडी आहे म्हणून. म्या त्याचं तोंड बंद केलं. तुमच्या पानावर शेवटच नव्हता, तो माह्याकडून राहून गेलता. अन् मांडवात मले समजलं, तरी म्या पान ओढणीत लपवलं. अब्बा तुमाले बहिरे म्हणत होते, अन् मी आयकून राह्यलती."

कोणी हसलं नाही. कांताबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मंग एवढ्यासाठी एवढा मोठा डब्बा कायले आणला, व माय?"

जेबा माझी वायर गुंडाळू लागली. 

धावजी बोलले ते खाली बघूनच. "म्या बराबर वाजवलं, हे मले तवाच ठाऊक होतं. मले नोको सांगू. जे हासले, त्याईले सांग."

दुसऱ्या दिवशी घाटंजीचा बाजार होता. जेबा एसटीनं गेली. विजयमालाबाईंच्या चक्कीवर बायकांची रांग होती आणि चक्की चालू होती, त्यामुळे हळू आवाजात काही सांगणं शक्यच नव्हतं. तिला ओरडून सांगावं लागलं की धावजींचे कान शाबूत आहेत आणि चूक तिची स्वतःची आहे. पहिल्या वेळी विजयमालाबाईंना ऐकू गेलं नाही. म्हणून तिनं तेच पुन्हा, आणखी मोठ्यानं सांगितलं. रांगेतल्या बायका सगळ्या लग्नातल्याच होत्या. त्या पिठाचे डबे धरून ऐकत राहिल्या, आणि त्या दिवशी ज्या हसल्या होत्या त्यातल्या एकीनं मान खाली घातली, असं जेबानं हुस्नाबींना सांगितलं.

विजयमालाबाईंनी हाताला लागलेलं पीठ झटकलं. त्या म्हणाल्या, "तं मंग थो बुढा एकटाच शायना निंघाला. महागावले त्याले आण. अन् या खेपी सुटका लिहून आण."

धावजी आले. मास्टरांनी गाळ्याच्या पायरीवरच त्यांचे हात हातात घेतले, आणि बराच वेळ सोडले नाहीत. युफोनियम कांबळ्यातून निघालं. मी नवं पान छापलं, जेबानं प्रत्येक कमान बोटानं तपासली, दोन्ही टोकं. महागावला बँड वाजला, मास्टरांनी मुरकी घेतली, आणि धावजी सगळ्यांबरोबर असे थांबले की घाटंजीहून आलेले तेच गुरुजी दचकले. ते बिचारे आधाराच्या सुराची वाट बघत होते. विजयमालाबाईंनी हंगाम दिला. पितळवाला परत आला नाही. इथे मी गोष्ट थांबवली असती तर ती चांगली दिसली असती.

पण जेबानं घरी येऊन जे आईला सांगितलं, ते मी ऐकलं आहे. धावजींनी महागावला नवं पान हातात घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं, बरोबर आहे म्हणून मान हलवली. मग ते तिवईवर पालथं ठेवलं, वर तंबाखूची पिशवी ठेवली आणि सगळं गाणं मास्टरांच्या बोटांकडे बघत वाजवलं. तेव्हापासून ते असंच वाजवतात. लोक म्हणतात, धावजी सुधारले, आता माणसांकडे बघतात. मास्टरही म्हणतात. जेबा म्हणत नाही.

ती आजही प्रत्येक गाण्याला त्यांचं पान काढते. त्यांना नको असतं, तरी काढते. मी ते सगळ्यांत आधी छापतो, आणि खाली 'यशस्वी' लिहायची वेळ आली की माझा पंखा जरा जास्त आवाज करतो. तेवढंच माझ्या हातात आहे.

तर मित्रांनो, आमच्यासारख्यांची धूळ पुसा, पंख्यातला कापूस काढा, हे मी सांगणार होतो. ते राहू द्या. आमच्यापैकी कोणी इशारा दिला तर त्याचं तोंड बंद करू नका, तो काय म्हणतो ते शोधा. आणि कधी तुमच्या हातून पान चुकलं, आणि भर मांडवात लोक वाजवणाऱ्याला हसायला लागले, तर पान लपवू नका. तेव्हाच पुढे व्हा. नंतर मागितलेल्या माफीनं माणूस परत येतो. त्याच्या तिवईवरचं पान मात्र पालथंच राहतं.